दोनदा खाल्लेलं वजा चिन्ह

मी घेत असलेल्या तोंडी परीक्षेत बोग्ना या विद्यार्थिनीनं हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल फळ्यावर मांडली, आणि माझा लिंबाचा चहा हातातच राहिला.

"बाईसाहेब, वजा चिन्ह दोनदा खाल्लंत, म्हणून उत्तर जमलं! एका अणूत दोन इलेक्ट्रॉनसुद्धा तंतोतंत एका अवस्थेत राहत नाहीत, मग दोन डोक्यांत तंतोतंत एकच चूक कशी? माझ्या प्रबंधातही हीच आहे, तिथूनच ढापलंत ना?"

"तुमचा प्रबंध मी पाहिलेलासुद्धा नाही, झारेम्बा सर. आईच्या वहीतून शिकले. ती वॉर्सात तुमच्याबरोबर एकाच वर्गात शिकत होती."

तिनं पिवळी पडलेली वही टेबलावर ठेवली. तारीख माझ्या प्रबंधाच्या दोन वर्षं आधीची होती. तिच्या आईचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

मी उठून दार लावून घेतलं.