ध्रुवयानाचे नवे चालक

पडद्यावरच्या चालकबाईनं सहचालकाच्या गालावरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि म्हणाली, “अहो, जरा जपून.”

“अहो?” थोरली सोफ्यावरून अर्धी उठली. “सख्ख्या भावाला अहो?”

“भाऊ नाहीये आता तो,” धाकटा म्हणाला. “जुन्या ‘ध्रुवयाना’त भावंडं होती, नव्यात नवरा-बायको केलंय. महिनाभर सगळीकडे तेच चाललंय की, ताई.”

ते थोरलीला ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता तिनं मालिकेच्या चाहत्यांच्या गटावर महिनाभर तेवढ्यावरच रान उठवलं होतं. पण ऐकून चिडणं वेगळं आणि डोळ्यांदेखत बघणं वेगळं. ध्रुवयानातली भावंडं म्हणजे ती आणि धाकटा. लहानपणी पलंगावर दोन उशा उभ्या केल्या की यान तयार; डावीकडे ती, उजवीकडे तो. अजूनही फोन केला की ती ‘काय रे सहचालक’ असंच म्हणायची.

सोफा दोघांपुरताच होता. थोरली आली तेव्हा धाकट्याच्या डावीकडे भावजय बसली होती. चार महिन्यांची नवी नवरी. ती लगेच उठली आणि “या ना ताई, बसा,” म्हणत खाली चटईवर बसली. “अगं, असू दे,” थोरली एकदाच म्हणाली, तेही बसून झाल्यावर.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग धाकटा पाठ अवघडली म्हणून खाली सरकला. त्याची पाठ जन्मात कधी अवघडली नव्हती. आता ती दोघं चटईवर खांद्याला खांदा लावून, आणि अख्ख्या सोफ्यावर थोरली एकटी, फोटो काढायला बसवल्यासारखी.

“लोक काय म्हणतायत ते ऐका जरा.” तिनं फोन नाकाशी धरला. “‘आमचं बालपण विकून खाल्लं.’ ‘अंतराळात कसलं डोंबलाचं अहो?’ आणि हा म्हणतो, ‘माझ्या बहिणीनं टीव्ही बंद केला आणि रिमोट पर्समध्ये टाकून घरी गेली.’ शहाणी आहे.”

“आणि चांगलं कुणीच काही लिहिलं नाही?” धाकट्यानं विचारलं.

“लिहिलंय ना. ‘रडू आलं, दोघं अगदी खरी वाटतात.’ ‘आमचे हे पहिल्यांदाच माझ्याबरोबर शेवटपर्यंत बसले.’ त्यांना काय, काहीही दाखवा.”

भावजय हसली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर ‘श्वास धरा, हलू नका’ सांगून तिचा आवाज असा हळू झाला होता, की समोरच्याला गप्प बसून ऐकावंच लागे. थोरलीला त्याचाही राग यायचा.

पडद्यावर यान उल्कांच्या माऱ्यात सापडलं.

“आता डावं इंजिन बंद करेल बघ,” धाकटा कुजबुजला. असं काही आलं की तो आधीच फोडून टाकायचा, आणि नेहमी थोरलीच्या कानात. आज त्याची मान दुसरीकडे वळली होती.

“हो, आणि मालखाना सोडून देईल,” भावजय म्हणाली. “तेराव्या भागात केलं होतं तसं.”

थोरलीनं फोन खाली ठेवला. “तेरावा भाग तुला काय माहीत?”

“पाहिले ना मी जुने सगळे. एकशे चार. दुपारच्या सुट्टीत, डबा खाताना.”

“ते कशाला?”

“तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला काही कळायचंच नाही.”

आपल्या कपाटात कुणी हात घालून घड्या उलगडून बघाव्यात, तसं थोरलीला झालं. “मग सांग ना! सगळं पाहिलंयस तर तूच सांग. भावा-बहिणीचं काय वाईट होतं? एवढं जिवाभावाचं मोडून ही नवरा-बायको कशाला आणून बसवली?”

“ताई, अगं मालिका आहे ती,” धाकटा म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

भावजयीनं चित्र थांबवलं.

“वाईट काहीच नव्हतं, ताई. खरं सांगू? मला जुनंच जास्त आवडलं. फक्त त्या यानात दोनच खुर्च्या होत्या. एकशे चार भाग मी बघत होते, यात आपण बसायचं कुठं.”

थोरलीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. अगदी मनापासून बोलायचं होतं. पण ध्रुवयानाबद्दल कुणी चुकीचं बोललं, की तिच्या तोंडून आधी दुरुस्ती बाहेर पडायची.

“होती की तिसरी,” ती म्हणाली. “मागं, जाळीपलीकडे. कैद्याची.”

धाकट्यानं वळून बहिणीकडे पाहिलं. थोरलीचे कान तापले. शब्द परत घ्यायला तिनं तोंड उघडलं.

भावजय थांबलेल्या पडद्याकडे बघत राहिली. त्या जागेचा खरोखरच अंदाज घेत असल्यासारखी.

“चालेल,” ती म्हणाली. “तिथून तुम्ही दोघंही दिसता.”