लाल पट्टा

जुनी मासेमारीची बोट घ्यायची, तर आधी सगळं घर तिच्यात बसवून बघायचं आणि मगच शब्द द्यायचा, ही त्याच्या वडिलांची शिस्त; बोट ज्याचं वजन घेत नाही, त्याला ती समुद्रातून परत आणत नाही, असं ते म्हणायचे. या वेळी त्याने घाईत शब्द आधी दिला आणि बायको-मुलींना धक्क्यावर नंतर आणलं.

"ठरवलंच आहे, तर आता आम्हाला कशाला बसवता?" म्हणत बायको दोघी मुलींना घेऊन चढली.

बोटीच्या अंगावरचा लाल पट्टा पाण्याला टेकला होता. तो केसभरही खाली गेला नाही.

मग इंजिन दाखवायला विकणारा चढला, तसा पट्टा चांगला इंचभर बुडाला. तो उतरला आणि पट्टा पुन्हा वर आला.

आतून धाकटी हात हलवत होती.

विकणाऱ्याने मान खाली घातली. "घरच्यांना आधी आणायचं होतं तुम्ही."