शर्वरीचे रॉड

सरावाच्या फेरीत शर्वरीच्या गाडीचं इंजिन फुटलं आणि गाडी गरगरत टायरांच्या भिंतीवर आदळली. छातीला मुका मार बसला, जीव वाचला. ती सावरत शेडमध्ये आली तेव्हा तिचे वडील, आबा, प्रायोजकांना सांगत होते, "पोरीनं गाडी नको तेवढी ताणली, दुसरं काय."

तिने मिस्त्रीला इंजिन उघडायला लावलं. इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आलेला, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड रोजच्या गाडीत असतो तसला साधा होता. शिरोलीच्या फोर्जिंगवाल्याकडे खेटे घालून तिने शर्यतीसाठी खास घडवून घेतलेले रॉड तिच्या इंजिनात नव्हतेच. त्यांच्याच भरवशावर तर तिने वेग वाढवला होता.

"आबा, माझे रॉड कुठं आहेत?"

"धैर्यशीलच्या गाडीत घातले," आबा शांतपणे म्हणाले. "त्याला पुढं जायचंय. तू काय, लग्न होऊन जाशील. एवढी पळवशील असं वाटलं नव्हतं."

"मला सांगायचं तरी होतं. मी मेले असते."

"मेली नाहीस ना? मग तमाशा नको. उद्या फायनल आहे."

धाकटा भाऊ धैर्यशील शेजारीच थिजून उभा होता; त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पाना उचलला.

"रॉड माझे आहेत. मी काढून नेतेय."

आबा तिला अडवायला पुढे आले.

"ताई, रॉड काढायचे तर आधी ऑइल काढू," असं म्हणत धैर्यशील गाडीखाली शिरला.