सामायिक स्वप्नातली सुनावणी

डॉ. मृणाल केंकरे अडखळत बोलत. पेशंटचा डोस नर्सला सांगितलाच नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. मागच्या सुनावणीत त्या "मी डोस..." एवढंच म्हणाल्या आणि "विसरले!" असं वाक्य चौकशी समितीचे अध्यक्ष घारपुरे यांनीच पुरं केलं.

म्हणून या खेपेला वैद्यकीय परिषदेने त्यांना सवलत दिली. सुनावणी सामायिक स्वप्नात होणार होती, कारण स्वप्नात केंकरेबाई अडखळत नसत. पलंग मांडले, तारा जोडल्या, समिती घोरू लागली.

स्वप्नात सभागृह तळ्यावर तरंगत होतं. घारपुरे परवाना रद्द करायला उठले, पण ओठ हलले तरी आवाज फुटेना.

"सावकाश, सर. मी थांबते," केंकरेबाई म्हणाल्या.

त्या थांबल्या, आणि तेवढ्यात स्वप्न संपलं.

जागे झालेले घारपुरे घाम पुसत पहिल्यांदाच गप्प बसले.

"मी डो... डोस ब... बोटांनी दाखवला होता. न... नर्सला विचारा."

नर्सला विचारलं, तिने होकार दिला. परवाना वाचला.

"अहो मॅडम," घारपुरे कळवळून म्हणाले, "हे मागच्याच वेळी का नाही सांगितलंत?"