सुनंदाताईंचा डबा

जाळीच्या पडद्यांतून दुपारचं ऊन झिरपत होतं. नक्षीदार किटलीच्या वाफेत बहरीनच्या सीफ भागातली जुन्या इंग्रजी थाटाची टीरूम सुनंदाताईंना तरंगल्यासारखी वाटत होती. उद्या त्या बहरीन कायमचं सोडणार होत्या, म्हणून गुदैबिया वस्तीतल्या शेजारणीनं, हिनानं, त्यांना इथं आणलं होतं. स्कोन या गोडसर पावावरची घट्ट साय जिभेवर विरघळताना दोघींना एकमेकींची स्वयंपाकघरं आठवली: इकडून गेलेल्या पुरणपोळ्या, तिकडून आलेली सांदणं. इतक्या वर्षांत कुणीच कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. चिमूटभर साखर तरी असायचीच. वेटर रिकामा कप उचलायला आला, तसा सुनंदाताईंनी सवयीनं त्यात साखरेचा खडा टाकला. हिना खळखळून हसली, मग तिचे डोळेच भरून आले. “अगं, माझा डबा राहिलाय ना तुझ्याकडे?” सुनंदाताईंनी विषय बदलला. “आहे की. पण रिकामा कसा देऊ? भरून ठेवते, इंशाल्ला. न्यायला तुम्हीच परत या.”