नाव घेतल्याशिवाय

"गंडन हेसरु, अम्मा?" मतदान अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. नवऱ्याचं नाव काय?

गोदूबाईंना कानडी चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणूनच पदराचं टोक त्यांनी दातांत धरलं. यादीत त्यांच्या गल्लीतल्या दोन गोदूबाई होत्या. नवऱ्याचं नाव सांगितल्याखेरीज मतपत्रिका मिळणार नव्हती, आणि ते नाव चारचौघांत घ्यायचं कसं? यजमान परगावी, होसकोट्याला गेलेले. मागच्या निवडणुकीच्या वेळी नावं लिहायला आलेल्या माणसाला त्यांनी "शामण्णाची आई" एवढंच सांगितलं होतं. ते नाव यादीतून गळलं आणि शामण्णाच्या आईला मत देता आलं नाही.

"बेग हेळी अम्मा, लवकर सांगा," मागची बाई कुरकुरली. "घरी सारू उकळतंय माझं."

शाळेच्या त्या वर्गात भिंतीशी बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यांतला त्रिविक्रम गोदूबाईंचा शेजारी. तो उठू लागला तसा त्याच्याच पक्षाच्या पद्माकरने त्याचा कोट ओढला.

"बस खाली. प्रतापराव उभे आहेत ना, त्यांची बहीण ती. त्यांच्याविरुद्ध बसलोय ना आपण इथं? एक मत आपोआप कमी होतंय."

"म्हणून काय झालं?" त्रिविक्रम पुटपुटला आणि अधिकाऱ्यापुढे गेला. "साहेब, मी ओळखतो यांना. नाव सांगू?"

"चालणार नाही. त्यांनीच सांगायला हवं."

गोदूबाई परत फिरल्या. डोळे भरून आले होते.

त्रिविक्रम तसा चार माणसांत तोंड न उघडणारा. पण तो भराभर पुढे झाला आणि मतपेट्यांच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वहिनी," तो मराठीत म्हणाला, "नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही!"

गोदूबाई थबकल्या. मग पदर तोंडातून सुटला आणि त्यांना हसू फुटलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"शाळेच्या दारात रांग लागली मोठी,
हयवदनरावांचं नाव घेते मतासाठी!"

रांगेत हशा पिकला. "हाडु हेळ्तारे!" कुणीतरी म्हणालं, गाणं म्हणते आहे बाई. अधिकाऱ्याने मात्र यादीवरून बोट फिरवलं, "हयवदन... सरी, ठीक," म्हणाला आणि शाईची बाटली पुढे ओढली.

गोदूबाई मत देऊन बाहेर आल्या. त्रिविक्रम बाकाच्या टोकाशी बसला होता. पद्माकर त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

"भाऊजी, खोटं कशाला बोलू? मी मत..."

"अहो वहिनी!" त्रिविक्रमने कानांवर हात ठेवले. "ते सांगायचं नसतं."

"बरं, नाही सांगत." त्या क्षणभर घुटमळल्या. "असं दारात मला याआधी एकदाच अडवलं होतं. लग्नाच्या दिवशी, नणंदेनं. नाव घेतलं आणि घर माझं झालं."

त्यांनी हात जोडले आणि त्या पायऱ्या उतरल्या.

सकाळी येताना त्या भिंतीच्या कडेकडेने आल्या होत्या. जाताना, ओली शाई पदराला लागू नये म्हणून बोट उंच धरून, रस्त्याच्या मधून चालत गेल्या.