पालकाची सही

"इथे," विशाखाताईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. "पालकाची सही."

सलीलने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. घोडेस्वारीच्या शाळेचा होता. अठराच्या आतल्या आणि साठीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना घरच्या कुणाची तरी संमती लागायची. आई एकसष्ट वर्षांची होती.

"आई, घोडा? या वयात?"

"तिथे सात वर्षांची पोरगी शिकते आणि सत्तरीच्या बाईही शिकतात. मी तर मधलीच."

"पण अचानक काय हे?"

विशाखाताईंनी चहाचा घोट घेतला. उत्तर सुनेनेच दिलं. "अरे, पाडव्याला आपल्या मराठी मंडळाची शोभायात्रा आहे ना!" लीना म्हणाली. "सगळ्यांत पुढे घोड्यावर नऊवारीतली बाई हवी असते. आईंनाच विचारलं असणार. हो ना, आई?"

"बघू या, जमतंय का," ताई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

सलीलने सही केली. बँकेत दिवसाला शंभर कागदांवर सह्या करणारा माणूस, पण इथे त्याचा हात अडला. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. आईला इथे आखातात, माहूज भागातल्या या फ्लॅटमध्ये आणल्यापासून तो तिला काचेच्या भांड्यासारखं जपत होता. उन्हात जाऊ नको, जिना उतरू नको, एकटी टॅक्सीत बसू नको.

दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ताईंना तबेल्यावर न्यायला परीक्षितकाका यायचे. जवळच्याच नईम भागात एकटे राहणारे, निवृत्तीला आलेले इंजिनिअर. मंडळाचं वाचनालय तेच सांभाळत. "काका, तुमच्यामुळे माझी शुक्रवारची झोप वाचते," सलील त्यांना म्हणायचा. काकांना मात्र घोड्याचं भारी भय. थर्मास छातीशी धरून ते कुंपणापासून वीस हात लांब उभे राहत आणि तिथूनही शिंकत.

शिकवणारी शाजिया हैदराबादची. तिने ताईंना लूलू नावाची पांढरी, वयस्कर घोडी दिली होती. ताईंचे प्रश्न काही संपत नसत. नऊवारी नेसून बसता येईल का? ढोल वाजला तर ही बिथरणार नाही ना?

"आंटी, लूलू नहीं डरेगी. बस, आप मत डरना," शाजिया हसायची.

सहाव्या आठवड्यात ताई पडल्या. मऊ वाळूत पडल्या, मनगट मुरगळलं, एवढंच. पण सलीलने घर डोक्यावर घेतलं.

"खलास! आता घोडा बंद."

"सलील," ताई शांतपणे म्हणाल्या, "नऊ वर्षं मी तू म्हणशील तशी राहिले. तुझा जीव तुटतो, ते कळतं मला. पण मला अजून जगायचंय रे. नुसतं जपून ठेवू नकोस."

सलीलने तिच्या मनगटाची पट्टी नीट बांधून दिली. मनगट बरं झाल्यावर एका शुक्रवारी झोप मोडून तो स्वतः तबेल्यावर गेला.

लूलू दुडक्या चालीने धावत होती आणि आई हसत होती. मोठ्याने, तोंड भरून. हे हसणं आपण विसरूनच गेलो होतो, हे लक्षात येऊन त्याला वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं. वीस हात लांब परीक्षितकाका टाळ्या पिटत होते. थर्मास त्यांच्या पायाशी आडवा पडून सगळा चहा वाळूत चालला होता.

घरी येताना सलील म्हणाला, "आई, आता कुठलाही कागद आण. डोळे मिटून सही करतो."

"बघ हं. शब्द देतोयस."

"दिला."

पाडव्याच्या सकाळी तबेल्यामागच्या मैदानात मंडळाची झाडून सगळी माणसं जमली. गुढी उभी राहिली, ढोलवाले सज्ज झाले. सलील मोबाईल सरसावून पहिल्या रांगेत होता. हिरवी नऊवारी, नथ आणि डोक्यावर फेटा अशा थाटात आई लूलूवर बसून फाटकातून आत आली. ढोल कडाडला. लूलूने कानसुद्धा हलवला नाही.

"माझी आई आहे ती!" सलील डोळे पुसत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटला.

यात्रा मात्र पुढे सरकेना. लूलू सरळ त्याच्यासमोर येऊन थांबली. ताईंनी कमरेला खोचलेला कागद काढला आणि खाली वाकून त्याच्या हातात दिला.

"इथे. साक्षीदाराची सही."

सलीलने मान वर केली. आईच्या फेट्याखालून मुंडावळ्या लोंबत होत्या. वीस हात लांब तशाच मुंडावळ्या बांधलेले परीक्षितकाका, हातात हार धरून, शिंकत होते.

"नवरदेव घोड्याला घाबरतात," ताई म्हणाल्या, "म्हणून वरात मलाच आणावी लागली. कर सही."